अथेन्समध्ये हिशेब द्यावा लागे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील, प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्यावरचा लेख वाचला. अथेन्स म्हणजे भांडखोर गर्दी आणि स्पार्टा म्हणजे शिस्त, असा त्याचा सूर आहे. माझी उभी नोकरी ग्रामपंचायतींची दप्तरे तपासण्यात गेली. कारभार कोणाच्या हाती, याइतकेच त्याला हिशेब कोण विचारू शकतो हे मला महत्त्वाचे वाटते. त्या कसोटीवर लेखातली तुलना पटत नाही.

अथेन्समध्ये 500 जणांचे मंडळ आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी नेमले जात. वर्ष संपले की 30 दिवसांत हिशेब. तो तपासणारे 10 जणही चिठ्ठीनेच निवडलेले. तपासणी पुरी होईपर्यंत माणसाला देश सोडता येत नसे, स्वतःची मालमत्ता देवाला वाहतासुद्धा येत नसे. ज्याच्या हाती पैसा आलाच नाही त्यानेही ‘काही घेतले नाही, काही खर्चले नाही’ असे लिहून द्यायचे. म्हणजे आपला निरंक अहवालच! त्यानंतर दुसरे तपासनीस ऐन बाजाराच्या वेळी आपापल्या कुळाच्या वीराच्या पुतळ्यापाशी बसत. कोणीही नागरिक पांढऱ्या पाटीवर आपले नाव, अधिकाऱ्याचे नाव, गुन्हा आणि त्याला कोणता दंड व्हावा हे लिहून त्यांच्या हाती देऊ शके. त्यासाठी मुदत तीन दिवसांची. अपहार सिद्ध झाला तर दसपट वसुली.

स्पार्टात दोन राजे, दरसाल निवडलेले पाच एफोर म्हणजे वरिष्ठ अधिकारी आणि दोन्ही राजांसह 30 जणांची वृद्धसभा. तिचे 28 सभासद साठी ओलांडलेले आणि तहहयात. उमेदवार लोकांसमोरून एकेक जात आणि बाहेरचे काही दिसणार नाही अशा घरात बसलेले पंच कोणासाठी आरोळी मोठी झाली ते ठरवत. एकदा निवडून आले की हिशेब नाही. ॲरिस्टॉटलने नेमके यावरच बोट ठेवले आहे: यांच्यातले कित्येक लाच घेतात, तेव्हा यांना तपासणीतून मोकळे ठेवू नये.

एफोरांचा वचक होता, हे मान्य. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली स्पार्टाचा सेनानी गिलिप्पस याची हकीकत पाहा. अथेन्स पाडल्यावर स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने त्याच्याबरोबर स्पार्टाला चांदीच्या थैल्या धाडल्या. गिलिप्पसने थैल्यांचे बूड उसवून नाणी काढली आणि पुन्हा शिवून टाकले. प्रत्येक थैलीत रकमेची चिठ्ठी होती, ते त्याला ठाऊक नव्हते. एफोरांनी मोजणी केली, मेळ बसेना. त्याला स्पार्टा सोडून पळावे लागले.

अथेन्सही निर्दोष नव्हते. याच गिलिप्पसचा बाप क्लिआंड्रिडास, स्पार्टाच्या राजाचा सल्लागार. इ.स.पू. 446 मध्ये स्पार्टाचे सैन्य अथेन्सच्या मुलखात, म्हणजे अ‍ॅटिकात शिरून परतले, ते अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याने त्याला लाच दिल्यामुळे, असे प्लुटार्क सांगतो. हिशेबात पेरिक्लिसने 10 टॅलंट (त्या काळची मोठी रक्कम) ‘आवश्यक कामासाठी’ असे दाखवले आणि लोकांनी तपशील न विचारता ते मंजूर केले. असा खर्च मी आक्षेपाखाली घेतला असता, मग कारण कितीही देशहिताचे असो. शिवाय स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना अथेन्सच्या नागरिकसभेत स्थानच नव्हते. त्या पांढऱ्या पाटीवर मला नाव लिहिता आले नसते. स्पार्टाच्या स्त्रियांकडे निदान जमीन तरी होती. ॲरिस्टॉटलच्या मते जवळपास दोनपंचमांश. पण तीच जमीन कसणाऱ्या हेलोटांविरुद्ध, म्हणजे स्पार्टाच्या भूदासांविरुद्ध, एफोर दरवर्षी युद्ध पुकारत, त्यांना मारण्याचे पाप लागू नये म्हणून. लेखकाने ज्या शिस्तीचे कौतुक केले आहे तिच्यात हेही येते आणि लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

अथेन्सच्या राज्यघटनेवरचा, ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ इजिप्तमधल्या पपायरसांवर सापडला आणि 1891 मध्ये छापला गेला. त्याचे 48 आणि 54 हे भाग हिशेबतपासणीबद्दल आहेत. पुरवणीत एखाद्या रविवारी ते मराठीत द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त लेखापरीक्षक, सांगली