‘वजन किती उचललंस?’ या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय फिजिओ मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला अंगठा लावला की कळवळणारी, ‘जंपर्स नी’ (उड्यांनी होणारं टेंडनचं दुखणं) झालेली आमची व्हॉलीबॉलची पोरं एमआरआयची फाइल घेऊन तुमच्याकडे येतात. ‘सहा महिने झाले, आता ऑपरेशनच करून टाकू.’ तुम्ही फाइल उघडण्याआधी विचारता, ‘या सहा महिन्यांत वजन किती उचललंस?’ त्या प्रश्नासाठी हे पत्र. बहुतेकांचे सहा महिने म्हणजे आराम, बर्फ, मलम आणि पट्टा. आरामात दुखणं थांबतं, पण टेंडनची, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या दोरीची, भार पेलायची ताकदही उतरते. पुन्हा उड्या सुरू झाल्या की ये रे माझ्या मागल्या.

तुमचा व्यायामाचा कागद आता आम्हाला पाठ आहे. आधी लेग एक्स्टेंशनवर (बसून पाय सरळ करत वजन उचलायचं यंत्र) गुडघा ६० अंशांत रोखून ४५ सेकंद, असं ५ वेळा, मध्ये २ मिनिटं विसावा. मग आठवड्याला ३ दिवस जड वजन: ३ सेकंदांत वर, ३ सेकंदांत खाली, ४ सेट. सुरुवात १५ वेळांनी, १२ आठवड्यांत वजन चढवत ६ वेळांवर. घोटाळा होतो तो घाईत, नाहीतर जरा दुखलं की वजन निम्मं करण्यात. १० पैकी ३ पर्यंत दुखलं तर चालतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, उतरत्या फळीवर एका पायाने खाली बसताना लागतो. (फळी सुताराकडून करून घ्यावी. पाया ३० सेंमी, उंची १४ सेंमी, की झाला २५ अंशांचा उतार.)

सामन्याआधी स्टिरॉइडच्या सुईचा हट्ट तुम्ही मोडून काढलात, त्याचेही आभार. चार-सहा आठवडे बरं वाटतं, मग दुखणं आणखी चिवट होतं.

ऑपरेशनला तुम्ही कधीच सरसकट नाही म्हटलं नाहीत. नॉर्वेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० गुडघे होते, निम्म्यांवर शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना उतरत्या फळीवरचा व्यायाम. वर्षाअखेर दोन्हींत फरक नव्हता. मात्र व्यायामाच्या २० पैकी ५ गुडघ्यांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. त्या पाचांसारख्यांना तुम्ही स्वतः सर्जनकडे धाडता, आणि बजावता की खराब भाग काढल्यावरही हाच कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा करायचा आहे.

आपले,
व्हॉलीबॉल प्रशिक्षक