अवरमीटरवर ऑपरेटरची पाठही मोजावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी आणि पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी असल्यामुळे नाशिक आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील रस्ते, पूल आणि घाटांच्या कामांना घाई आहे. ती वेळेत होतील का, दर्जा कसा राहील, तपोवनातील झाडांचे काय, यावर वृत्तपत्रांतून पुष्कळ आणि आवश्यक चर्चा झाली. पोकलेन, डोझर, रोलर आणि डंपरवर बसून ही कामे उरकणाऱ्या ऑपरेटरांच्या पाठीविषयी मात्र कोठे काही वाचनात आले नाही. माझी सारी नोकरी अशा यंत्रांच्या देखभालीत गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारे उभे कंपन सर्वांत जास्त बाधते, कारण त्या गतीला कमरेचा भाग हादरा जिरवण्याऐवजी वाढवतो. रिकामा डंपर खडबडीत वाटेने परतताना किंवा चेनचे यंत्र उघड्या कातळावरून सरकताना सीटमधून येणाऱ्या हादऱ्यांत या पट्ट्यातील कंपने असतात. आपल्याकडचा काळा बेसाल्ट मुरमासारखा बकेटला सुटत नाही. त्याला ब्रेकर (खडक फोडणारा यांत्रिक हातोडा) लावावा लागतो, आणि ब्रेकरचे ठोके यंत्राच्या बाहूतून, म्हणजे बूममधून, केबिनमध्ये उतरत राहतात. त्यातच यंत्र मागे घेताना कंबर पिळून, मान वळवून बसावे लागते. कंपन आणि पिळलेली बैठक एकत्र आली की मणक्यांमधील चकत्यांवर पडणारा ताण या दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा जास्त असतो. शिफ्ट संपल्यावर पायऱ्या न वापरता केबिनमधून थेट खाली उडी मारण्याची सवय आपल्या ऑपरेटरांना आहे. दिवसभर दबलेल्या चकत्यांना तो शेवटचा धक्का बसतो. ती सवय मोडायला पैसा लागत नाही, सांगणारा मुकादम मात्र हवा.

कंबरदुखी शेतमजुराला होते, टेबलाशी बसणाऱ्या कारकुनालाही होते. त्यामुळे एखाद्या ऑपरेटरचा मणका कंपनानेच गेला, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. वर्षानुवर्षे अशी यंत्रे चालवणाऱ्यांच्या गटात कंबरेचे दुखणे अधिक आढळते, हे मात्र जगभरच्या अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. म्हणूनच एकेकट्या केस पेपरवर विसंबून चालत नाही, नोंद सगळ्यांची ठेवावी लागते.

एका कामावर माझ्या देखरेखीखाली सिन्नर तालुक्यातील एक रोलर ऑपरेटर होता. त्याच्या सीटचे रेक्झिन फाटलेले होते आणि स्प्रिंगचा ताण वजनानुसार बदलण्याची खुंटी धुळीने घट्ट बसलेली होती, म्हणून तो घरून आणलेली गोधडी घडी करून त्यावर बसत असे. ड्रम आणि चासी यांच्यामधील हादरे जिरवणारी रबरे, म्हणजे रबर माउंटिंगही चिरलेली होती, त्यामुळे ड्रमचे कंपन सीटपर्यंत पोहोचत असे. त्यात वरिष्ठांच्या आग्रहाखातर थर पुरेसा दबल्यानंतरही कंपन चालूच ठेवले जाई. अशा वेळी ड्रम जमिनीवरून उसळू लागतो, खडी फुटते आणि धक्का उलटून चालकाला बसतो, म्हणजे रस्ता आणि माणूस दोघांचेही नुकसान होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने हे काम सोडले. त्या यंत्राच्या ग्रीसिंगच्या वहीवर मी रोज सही करीत होतो, आणि खुंटी सोडवायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नसता. सीटविषयी त्याला मी एकदाही विचारले नाही.

युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशात सर्वांगाच्या कंपनासाठी आठ तासांच्या दिवसाला दोन पातळ्या ठरवल्या. कंपन 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत पोहोचले की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ते 1.15 च्या वर जाऊच द्यायचे नाही. कंपन दुप्पट झाले तर तीच पातळी गाठायला एक चतुर्थांश वेळ पुरतो, असे हे गणित आहे. एखाद्या यंत्राच्या सीटवर कंपन 1 मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर पहिली पातळी दोन तासांतच गाठली जाते आणि कमाल मर्यादा सुमारे साडेदहा तासांत ओलांडली जाते. घाईच्या कामावर बारा तासांची पाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखालील 1998 च्या केंद्रीय नियमांत आवाज आणि कंपन यांचा एकाच नियमात उल्लेख होता, पण आवाजाच्या वाट्याला डेसिबलचे कोष्टक आले आणि कंपनाच्या वाट्याला पुरेसे उपाय करण्याचे मोघम बंधन. आकडाच नसेल तर तपासायला येणारा निरीक्षक तरी काय तपासणार?

वास्तविक या हिशेबाचा निम्मा भाग प्रत्येक यंत्रावर आधीच बसवलेला आहे. यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या अवरमीटरवर भाडे ठरते आणि सर्व्हिसिंगचा दिवसही ठरतो. मीटरच्या तासांपुढे त्या पाळीच्या ऑपरेटरचे नाव लिहिले की माणसाचे तासही मिळतात. (इंजिन नुसते चालू ठेवून मीटर वाढवण्याचा प्रकार मला ठाऊक आहे, तेवढा भाग वजा करावा लागेल.) उरतो तो कंपनाचा आकडा. सीटवर ठेवायच्या रबरी चकतीतील सेन्सरने तो घेता येतो. कसा मोजायचा, हे आयएसओ 2631 या मानकात दिलेले आहे, आणि त्यासाठी काम थांबवावे लागत नाही. नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये भरपूर आहेत आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर म्हसरूळलाच आहे. या दोघांनी मिळून सिंहस्थाच्या कामांवरील काही रोलर, डंपर आणि ब्रेकर लावलेली पोकलेन मोजली, तर नाशिकच्या खडकाचे आणि नाशिकच्या यंत्रांचे आकडे हाती येतील.

निविदा काढणाऱ्या यंत्रणांना माझी विनंती एवढीच आहे की यापुढच्या कामांत सीट आणि रबर माउंटिंग सुस्थितीत असणे ही यंत्र स्वीकारण्याची अट असावी, आणि डंपरच्या ये-जा करण्याच्या कच्च्या वाटेवर ग्रेडर फिरवण्याचे काम वेगळ्या बाबीखाली देय धरावे. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम ठेकेदार करीत नाही, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखे फारसे नाही. खडबडीत वाट सपाट केली आणि वेग थोडा आवरला, तर डंपरचालकाला जेवढा आराम मिळतो तेवढा महागड्या सीटनेही मिळत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. त्या तपासणीच्या कागदावर कोणते यंत्र किती वर्षे चालवले, कंबर आणि मान दुखते का, बोटांना मुंग्या येतात का, एवढे तीन प्रश्न छापावेत.

पावसाळ्यात मातीकाम मंदावते आणि बरीच यंत्रे यार्डात उभी असतात. सीटा सोडवणे, रबर माउंटिंग बदलणे आणि मोजणीसाठी यंत्रे निवडणे ही कामे त्याच दिवसांत होऊ शकतात. पहिला क्रमांक खडक फोडणाऱ्या यंत्रांचा असावा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र पर्यवेक्षक, नाशिक