माउंट हॅरिएटच्या वाटेवर भेटलेल्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय. देवनागरी तुम्ही वाचता, शब्द थोडेफार अंदाजाने लागतील. तुमच्याशी आम्ही दिवसभर हिंदीत बोललो, पण मनापासून आभार मानायचे तर मला माझीच भाषा लागते.

अंदमानात, डिसेंबरातल्या त्या दिवशी चाथमच्या धक्क्यावर फेरीबोटीला मोठी रांग होती. बांबू फ्लॅटला उतरून, जीपने वर येईपर्यंत साडेबारा वाजले. डोंगराची उंची चारशे मीटरसुद्धा नाही, वरून काळा पत्थर या ठिकाणापर्यंतची वाट दोन-अडीच किलोमीटरची. सह्याद्रीत वर्षानुवर्षं हिंडलेल्या मला ते अंतर किरकोळ वाटलं होतं. आमचे वाटाडे म्हणून तुम्ही आधी आईच्या गुडघ्याचा पट्टा पाहिलात, मग घड्याळ. म्हणालात, "तीन बजे जहाँ होंगे, वहीं से वापस." कारण सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

निघताना तुम्ही आईला स्वतःच्या मागे घेतलंत आणि मला सगळ्यात शेवटी ठेवलंत. एरवी मी पुढे आणि आई मागे, हेच चालत आलं होतं. मी वळणावर थांबायचे, ती धापा टाकत पोचायची आणि ती पोचली की मी लगेच निघायचे. म्हणजे विश्रांती माझी व्हायची, तिची कधीच नाही. त्या दिवशी सगळी चाल तिच्या पावलांची होती. मोठ्या झाडांची आधारमुळं भिंतीसारखी वाटेत आली की तुम्ही थांबायचात, ती हात टेकून ओलांडायची, मग पुढचं पाऊल. इतकी वर्षं तिच्यासोबत चालून मला हे सुचलं नव्हतं.

आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे पाचोळ्यात जळवा होत्या. आईच्या घोट्याला एक लागली तेव्हा मी ती खेचायला वाकले, तर तुम्ही माझा हात धरलात. आधी जळवेचं निमुळतं टोक नखाने कातडीला लागून अलगद सरकवलंत, मग जाड टोक, आणि टिचकीने उडवून दिलीत. रक्त बराच वेळ वाहत राहिलं. घाबरू नका, जळू चावते तेव्हा रक्त गोठू देत नाही, थोड्या वेळाने थांबेल, असं तुम्ही आईलाच सांगितलंत, माझ्याकडे न बघता. मग कापडाची छोटी पुरचुंडी सोडून तिच्या मोज्यांवर मीठ चोळलंत. आई आजही ती पुरचुंडी आठवते.

सव्वादोनला आपण काळा पत्थरला पोचलो. समोर झाडीचे उतार आणि खाली समुद्र. तिथून वाट मधुबनच्या किनाऱ्याकडे उतरते हे मी वाचलं होतं, आणि आई बरी चाललीय म्हटल्यावर थोडं पुढे जाऊन येऊ, असा हट्ट मी धरला. जास्तीचे पैसेही देऊ केले. तुम्ही मान हलवलीत आणि लॉर्ड मेयोची गोष्ट सांगितलीत. ८ फेब्रुवारी १८७२. व्हाइसरॉय याच डोंगरावर सूर्यास्त पाहायला आला, उतरेपर्यंत अंधार झाला, मशाली लावाव्या लागल्या आणि पायथ्याच्या होपटाऊनच्या धक्क्यावर शेर अली या कैद्याने त्याला भोसकलं. इतिहास मला माहीत होता. तुमचा रोख मात्र मशालींवर होता. इथे संध्याकाळ लांबत नाही, असं तुम्ही म्हणालात.

ते किती खरं होतं! आपण वर परतलो तेव्हा पावणेपाच होत आले होते आणि जरा वेळाने सूर्य गेलासुद्धा. घड्याळ भारताचं एकच, पण अंदमान इतकं पूर्वेला, की आमच्याकडच्यापेक्षा तास-सव्वा तास आधी तिथे दिवस मावळतो. मी मनात सहाचा हिशोब धरून बसले होते. त्या मुळांवरून, ओल्या दगडांवरून, अंधारात, आईला घेऊन मी कशी आले असते? आमच्याकडे टॉर्चही नव्हता. पुढे गेलो असतो तर तुमची कमाई वाढली असती. तुम्ही नाही म्हणालात, आणि आई दोन्ही पायांवर चालत जीपपर्यंत आली.

आणि ती नोट. झाडीतून नॉर्थ बेचं दीपगृह दिसतं तिथे थांबून तुम्ही खिशातून जुनी, लाल वीस रुपयांची नोट काढलीत आणि समोर धरलीत. नोटेवरची माडांची झाडं, समुद्र, दीपगृह, सगळं समोर जसंच्या तसं. आईने ती किती वेळा उलटसुलट करून पाहिली! मग पर्समधून तिने नवी हिरवट-पिवळी वीसची नोट काढली. तिच्यावर वेरूळ आहे, हे आमच्याकडचं, असं ती तुम्हाला मराठीतच सांगत सुटली आणि तुम्हाला कळलंही. तुम्ही हसून नोटांची अदलाबदल केलीत.

तुमची नोट घामाने दमट झाली होती. आईने ती घरी आल्यावर वहीत दाबून सरळ केली. देवघरातल्या पोथीत ठेवलीय, रोज सकाळी दिसते.

२०२१ पासून तुमच्या डोंगराचं नाव माउंट मणिपूर झालंय, १८९१ नंतर तिथे काळ्या पाण्यावर पाठवलेल्या मणिपुरी कैद्यांच्या आठवणीत. आईला नवं नाव सांगितलं, पण ती 'काकांचा डोंगर' म्हणते. पुढच्या वेळी आम्ही सकाळच्या पहिल्या फेरीने येऊ. आई पुढे असेल, तुमच्या मागोमाग.

तुमची,
आईच्या मागून चालणारी मुलगी