जोमसोमला जाताना दोन दिवस हाताशी ठेवा

महोदय,

नेपाळमधल्या मुक्तिनाथ यात्रेच्या जाहिराती पुन्हा दिसू लागल्या आहेत. एक दिवस पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला विमान, दुसऱ्या दिवशी परत, लगेच काठमांडूहून मुंबई. मध्ये राखीव दिवस एकही नाही. याच घाईबद्दल लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही असेच गेलो होतो. पोखऱ्याला बॅगांबरोबर आम्हालाही वजनकाट्यावर उभे केले. तेवढ्यात खोऱ्यात ढग आल्याने उड्डाण थांबले. आमच्या टूर मॅनेजरने काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवला, ‘‘परवा आमची मुंबईची तिकिटे आहेत!’’ आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहिलो, मीसुद्धा. आज त्याची लाज वाटते.

जोमसोम साधारण 2,700 मीटर उंचीवर, काली गंडकीच्या अरुंद खोऱ्यात आहे. ऊन चढले की तिथे जोराचा वारा सुटतो, म्हणून विमाने सकाळीच जातात. उंचीवर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पंखांना उचल कमी. तेच विमान, तेच वजन, पण धावपट्टी जास्त लागते. काट्यावर उभे करतात ते यासाठी. ढगात दरी दिसेनाशी झाली, तर वळायलाही जागा नसते.

धावपट्टीवर डांबर पडले की झाले, असे वाटते. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला विमानतळाचे बघा. 1964 मध्ये एडमंड हिलरींच्या पुढाकाराने ती पट्टी झाली, तेव्हा शेर्पांनी त्यावर नाचून माती दाबली होती. डांबर 2001 मध्ये आले. त्याने खडी उडून पंख्याला लागणे, पावसात चाक रुतणे थांबले असेल. पण लांबी 527 मीटरच, उतार जवळपास 12 टक्के आणि वरच्या टोकाला डोंगर. उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर उचलून फेरी मारता येत नाही. डांबरानंतरही, 2008 मध्ये तिथे विमान अपघातात 18 जण दगावले.

पोखरा-जोमसोम मार्गावर 2016 मध्ये विमान कोसळून 23 जण दगावले. 29 मे 2022 रोजी तसेच 22 जण दगावले, त्यांत चौघे आपल्या ठाण्याचे होते. 2012 मध्ये जोमसोमजवळच्या अपघातात 15 जण दगावले, त्यांत मुक्तिनाथला निघालेले भारतीय यात्रेकरू होते.

त्या दिवशी आमचे विमान उडालेच नाही. दुसऱ्या दिवशी बेनीमार्गे जीपने निघालो, अंग खिळखिळे झाले, पण दर्शन झाले. मुंबईचे विमान चुकले, नवी तिकिटे काढावी लागली.

यात्रा कंपन्यांनी कार्यक्रमात दोन राखीव दिवस धरावेत, विमान रद्द झाले तर जीपचे काय, पैशांचे काय, हे जाहिरातीतच छापावे. आणि पैसे भरण्याआधी यात्रेकरूंनी हे विचारावे, विशेषतः आईवडिलांना पाठवणाऱ्या मुलांनी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली