श्रवणयंत्रांच्या शिबिरात नावे माईकवरून पुकारली गेली

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आमच्या तालुक्याच्या गावी ज्येष्ठांना श्रवणयंत्रे देण्याचे शिबिर भरले होते. सकाळी नऊपासून मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. दुपारी दोनला टेबलाशी जाऊन विचारले, तेव्हा कळले की माझे नाव अकरालाच तीनदा पुकारून झाले होते आणि कागदावर मी ‘गैरहजर’ होतो. बहिऱ्यांना माईकवरून हाका मारण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांचा आपण जाहीर सत्कार करावा.

मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. दोघे एकदम बोलू लागले की तुटक शब्द जुळवतानाच डोके शिणते, अर्थ लागेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि मग मी अंदाजाने मान हलवतो. दिवाळीनंतर एका जुन्या सहकाऱ्याने कट्ट्यावर सांगितले, ‘ही गेली.’ मला वाटले, माहेरी गेली. मी हसून म्हणालो, ‘बरं झालं, तेवढाच हवापालट.’ तेव्हापासून मी कट्ट्यावर जात नाही. घरी पुन्हा विचारले की नात म्हणते, ‘काही नाही, आजोबा, जाऊ दे.’

ही म्हातारपणाची कुरकुर समजू नका. अमेरिकेतील २०११च्या एका अभ्यासात सौम्य श्रवणदोष असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट आणि तीव्र दोष असलेल्यांत पाचपट आढळला होता. ऐकण्याच्या धडपडीत मेंदूची शक्ती खर्ची पडते आणि माणूस माणसांतून उठतो, अशी कारणे तज्ज्ञ देतात. २०२३च्या चाचणीत, सरसकट सर्वांना नसला तरी जास्त धोका असलेल्या वृद्धांना यंत्राचा उपयोग झाला आणि त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली.

आपला २०१६चा दिव्यांग कायदा मात्र दोन्ही कानांत ६० डेसिबलची तूट असल्याशिवाय आम्हाला ओळखत नाही. माझी ५५ आहे. उरलेल्या पाचांसाठी मी मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे उभे राहावे काय? त्या भिंतींवरही पुढाऱ्यांचेच हात जोडलेले फोटो असतात. वयोश्री योजनेचे तीन हजार मिळतात, पण दुकानदाराने एका कानाच्या यंत्राचे बावीस हजार सांगितले. बाकीचे पैसे बहुधा भाषणांतून मिळत असावेत.

शिबिरात क्रमांक पाटीवर लिहावेत आणि साठीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळ्यांसारखे कानही तपासावेत, एवढेच मागणे आहे. उत्तर कृपया लेखी पाठवावे. मागच्या अर्जावर कुणाचा तरी फोन आला होता. मी ‘हो, हो’ म्हणालो, पण कशाला ते मला अजून कळलेले नाही.

आपला,
एक गैरहजर लाभार्थी