एच इंडेक्सची चौकट आणि शेळ्यांचा कासदाह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगातल्या 'टॉप दोन टक्के' शास्त्रज्ञांच्या यादीत मराठवाड्यातले सात जण आल्याची तुमची कालची बातमी वाचता वाचता चहा निवला. मराठवाड्याचा झेंडा वगैरे ठीक आहे. यादीतले दोघे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत, त्यांचं फोनवर अभिनंदन करून झालंय. माझं भांडण खालच्या चौकटीशी आहे. सात नावं, समोर एच इंडेक्स (संशोधकाच्या पेपरांचा इतरांनी किती संदर्भ दिला त्यावरून काढलेला आकडा), आणि त्यावरून पहिला-दुसरा-तिसरा! औषधनिर्माणशास्त्रवाले वर, मग रसायनवाले, आणि गणिताचे एकुलते एक सर तळाला. त्यांचा फोटोसुद्धा इतरांच्या निम्मा. ही कल्पना ज्या उपसंपादकांची असेल त्यांना माझा नमस्कार सांगा.

अहो, त्या मूळ यादीत २२ शाखा आणि १७४ उपशाखा पाडलेल्या असतात. माणूस आपल्या उपशाखेत कितवा, तेही दिलेलं असतं. ते सोडून तुम्ही नेमका कच्चा आकडा उचललात. एच इंडेक्स वीस म्हणजे किमान वीस सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत दिलेले संदर्भ, मिळालेले वीस पेपर, एवढंच. औषधाच्या एका पेपरखाली पन्नास-साठ संदर्भ सहज असतात, गणिताच्या पेपरखाली पंधरा-वीस. मुळात देणारेच कमी, तर आम्हा गणितवाल्यांच्या पदरात पडणार किती? हा निर्देशांक ज्यांनी काढला त्या हर्श यांनी २००५ च्या पहिल्याच लेखात नोंदवलं होतं की जीवशास्त्रवाल्यांचे आकडे भौतिकशास्त्रवाल्यांपेक्षा मोठे येतात. २००८ साली तिघा संशोधकांनी सरळ तोडगाही दिला: पेपरची सायटेशन त्या शाखेतल्या त्या वर्षीच्या सरासरीने भागा, मग तुलना करा. सातवीच्या पोराला जमेल असा भागाकार आहे. आमच्या मोंढ्यातला आडत्यासुद्धा सोयाबीनचा ओलावा मोजल्याशिवाय भाव बोलत नाही!

एवढी आग का झाली, तेही सांगतो. माझ्या कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, मुलाखतीत अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सर, एच इंडेक्स?" मी म्हणालो, "चार." गृहस्थ असे हळहळले, जणू मी हिमोग्लोबिन सांगितलं. तेवढ्यात शेजारचे तज्ज्ञ मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले, "पण इथे तर तुमचे चौदा दाखवतंय!" सगळ्यांचे चेहरे उजळले. मी वाकून पाहिलं. माझ्या नावाखाली शेळ्यांच्या कासदाहावरचे पेपर, एक नाही, पानभर! गुगल स्कॉलर या पेपर आणि सायटेशन मोजणाऱ्या संकेतस्थळावरचं ते खातं माझ्या एका विद्यार्थ्याने उघडून दिलेलं. पेपर आपोआप जोडण्याची सोय त्याने चालूच ठेवलेली. आडनाव देशमुख, आद्याक्षरंही तीच. मराठवाड्यात दगड मारला तर देशमुखाला लागतो, त्यातला एक पशुवैद्यकात निघाला.

मी म्हणालो, "साहेब, हे माझे नाहीत. मी बीजगणितातला माणूस आहे, शेळी मी फक्त बाजारात पाहिलीय." अध्यक्ष माझ्याकडे बघून कळवळून म्हणाले, "असू द्या की सर! कशाला सांगत बसता?"

नाही असू दिले. बढती एक वर्ष लांबली. फरकाचा हिशेब माझ्या सौभाग्यवतींना अजून तोंडपाठ आहे. ते पशुवैद्य देशमुख पुढे एका लग्नात भेटले, फार भला माणूस. माझा एक पेपर त्यांच्याही खात्यात गेला होता म्हणे. त्यांनी तो काढलेला नाही, कारण त्याला एकही सायटेशन नव्हतं!

आणि या चौकटीत कोण येतच नाही, तेही बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' भेंडी काढली. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला टिकणारी. माझ्या सासुरवाडीला वर्षानुवर्षं तीच लावायचे. पहाटे तोडून टोपलं बाजारात. भेंडी खाणारा सायटेशन देत नाही, हे ती काढणाऱ्यांचं दुर्दैव. मी हे म्हटलं की रसायनवाले मित्र म्हणतात, तू कमी आकडेवाला, तू असंच बोलणार. तेही खरंच आहे म्हणा.

असो. पुढल्या वर्षी यादी येईल तेव्हा चौकट शाखावार करा, नाहीतर नुसती नावं अकारविल्हे छापा. आणि फोटो एकाच मापाचे.

जाता जाता एक. मंगळवारच्या सुडोकूत चौथ्या ओळीत ७ दोनदा छापला होता. मी पाऊण तास घालवला, दोन खोडरबर झिजवले. बुधवारी उत्तर आलं, त्यात त्यातल्या एका ७ चा १ झालेला. दुरुस्तीची ओळ मी जाहिरातींच्या पानापर्यंत शोधली, कुठेच नव्हती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त गणित प्राध्यापक, अंबाजोगाई