सूचना : गुरुवारी महापालिकेचं मतदान

सर्व सभासदांस नमस्कार.

गुरुवार, १५ जानेवारी २०२६ रोजी नवी मुंबई महापालिकेचं मतदान आहे. वेळ सकाळी ७.३० ते सायंकाळी ५.३०.

मागची निवडणूक २०१५ची. मे २०२० पासून प्रशासक आहेत. म्हणजे इतकी वर्षं खर्चावर सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नाही. धडधाकट पदपथ उखडून पुन्हा फरशा बसवल्या, तर पैसा आपल्याच मालमत्ता कराचा जातो. जाब कुणाला विचारणार? घरी बसून तर नक्कीच नाही.

बहुतेक प्रभागांत चार जागा आहेत, त्यामुळे चारही मतं द्यायची आहेत. एक बटण दाबून परतू नका. यादीतलं नाव आजच तपासा, ओळखपत्र सोबत घ्या. ज्येष्ठांना केंद्रावर जायला गाडी हवी असल्यास सोसायटी कार्यालयात कळवा.

– सचिव